माळी समजून

पुनरुत्थान रविवारचा सोहळा आटोपल्यानंतरच्या मंगळवारी देवळात फारशी गर्दी नसते. नवे कपडे घडी होऊन कपाटात गेलेले असतात, पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात आणि रविवारी वेदीभोवती मांडलेल्या निशिगंधाच्या दांड्यांवरची खालची फुले मलूल होऊन वरच्या कळ्या उमलू लागलेल्या असतात. त्या दिवशीच्या मिस्सात संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील एक उतारा वाचला जातो. मरिया माग्दालिया रिकाम्या कबरीबाहेर रडत उभी आहे. ती मागे वळून पाहते, तो प्रभू तेथे उभा आहे. पण तिला ओळख पटत नाही. हा या बागेचा माळी असावा, असे तिला वाटते. हाच प्रसंग 22 जुलैला, तिच्या सणाच्या दिवशी, पुन्हा कानी पडतो. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीने सणाचा दर्जा दिला, त्यामुळे आता तो दिवसही अधिक भक्तिभावाने पाळला जातो.

'माळी' हा शब्द आला की माझे लक्ष वाचनातून निसटते. मी माळ्याचा मुलगा आहे. तेरा वर्षांचा असताना याच शब्दाच्या आडोशाने मी माझ्या वडिलांना नाकारले होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पुण्यास आले. दुष्काळी मुलूख, कोरडवाहू तुकडा, तोही दुसऱ्याचा. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते चौथीपर्यंत शिकले होते. मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या प्रार्थना आणि चार सुतांचे आकडे एवढीच शिदोरी घेऊन ते कॅम्पातल्या एका बंगल्यावर कामाला लागले. बंगला एका पारशी बाईसाहेबांचा होता. मागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यांतील एकीत आमचा संसार. बंगल्यावर एक वृद्ध माळी होते. त्यांच्या हाताखाली आबा ही विद्या शिकले आणि ते गेल्यावर खुरपे, झारी व छाटणीची कात्री आबांच्या हाती आली.

पुणे हे फुलांना मानवणारे शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंची, बेताचा पाऊस आणि हिवाळ्यात थंड, कोरड्या रात्री. मुंबईच्या दमट हवेत जी विलायती फुले नीट साधत नाहीत, ती फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्सी, डायंथस, स्वीट पी अशी सारी मंडळी येथे डिसेंबर-जानेवारीत वाफे भरून टाकतात. छावणीच्या काळात साहेब लोकांनी ही हौस आणली आणि बंगल्याबंगल्यांतून ती रुजली. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन ही मुळात सैनिकांसाठी केलेली बाग. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदावरून तिला हे नाव मिळाले. सुमारे 39 एकरांची ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते आणि दर जानेवारीत तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन पाहण्यास आजही सारे शहर लोटते. अशा प्रदर्शनांत दिसणाऱ्या प्रत्येक कुंडीमागे कोणा ना कोणा माळ्याचे वर्ष उभे असते.

आबांचे वर्ष शेवंतीचे होते. फुलांचा बहर संपला की ते झाडे जमिनीलगत कापून टाकीत. बुंध्याभोवती जी नवी पिले फुटत, त्यांना माळी लोक काश्या म्हणतात. त्या काश्या वेगळ्या करून उन्हाळाभर सावलीत जपायच्या, पावसाळ्याच्या तोंडी त्यांचे शेंडे लावून नवी रोपे करायची, मग लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत हलवायची. पोयटा, मुरलेले शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण ते स्वतःच्या हातांनी कालवीत. रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. त्यांतील तीन ठेवायच्या, प्रत्येकीला बांबूच्या काडीचा आधार द्यायचा. मावा पडला तर तंबाखूचे पाणी शिंपडायचे. आणि ऑक्टोबरात कळ्या धरू लागल्या की मुख्य परीक्षा. एकेका फांदीवर दहा-बारा कळ्या येत. आबा टोकाची एक ठेवून बाकीच्या नखाने अलगद काढून टाकीत. मी हळहळत असे. तेव्हा ते म्हणत, "समद्यांना जगवाया गेलं तर एक बी धड फुलत न्हाई, पोरा."

एका वर्षी फाटकाजवळ नवा दिवा लागला. त्याच्या उजेडातल्या तीन कुंड्यांतील झाडे टपोरी, हिरवीगार झाली; पण बाकीच्यांना कळ्या आल्या तरी ती तशीच वांझ राहिली. आबा दोन रात्री तेथे जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कुंड्या उचलून आमच्या खोलीमागच्या काळोखात नेऊन ठेवल्या. "ह्यांना रात मिळंना," एवढेच ते आईला म्हणाले. काही आठवड्यांनी त्या झाडांनी कळ्या धरल्या. गार्नर व ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 साली हीच गोष्ट तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून जगापुढे मांडली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. काही झाडांना फुलण्यासाठी लांब आणि अखंड रात्र हवी असते. मध्येच उजेड पडला तर ती पानेच वाढवीत बसतात. आजचे हरितगृहवाले शेवंतीवर काळे कापड ओढून किंवा रात्री दिवे लावून तिचा बहर हवा तेव्हा आणतात, तो याच नियमाने. आबांना नियम ठाऊक नव्हता, त्यांना झाड ठाऊक होते.

पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. शहरात एका पटांगणावर फुलांचे प्रदर्शन होते. बाईसाहेबांच्या नावे आबांच्या सहा कुंड्या तेथे गेल्या होत्या. पिवळी शेवंती, एकेक फूल ताटलीएवढे, पाकळ्या आत वळलेल्या. दव पडून डाग पडू नयेत म्हणून आबांनी महिनाभर रात्री त्यांवर जुन्या धोतराचा मांडव केला होता. त्यांना पहिले बक्षीस मिळाले. कुंडीपुढच्या कार्डावर बाईसाहेबांचे नाव होते. त्यात अन्याय असा नव्हता, तसा रिवाजच होता. बाग ज्याची, नाव त्याचे. आबा खाकी सदरा घालून, हातात झारी घेऊन, कुंड्यांमागे उभे होते.

मी त्या वेळी इंग्रजी शाळेत शिकत होतो. फादरांच्या शिफारशीने अर्धी फी माफ होती. वर्गातील तीन-चार मुले आपापल्या आईवडिलांबरोबर प्रदर्शन पाहण्यास आली होती आणि मी त्यांच्यात मिसळलो होतो. त्या कुंड्यांपाशी आम्ही थांबलो. आबांनी मला पाहिले. त्यांचा चेहरा उजळला आणि ते हाक मारण्यासाठी एक पाऊल पुढे आले. माझ्या शेजारच्या मुलाने विचारले, "ते कोण? तुझ्याकडे पाहून हसताहेत."

मी म्हणालो, "तो माळी आहे."

आबांनी ते ऐकले. माझे नाव त्यांच्या ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले. मग ते वाकून कुंडीतल्या ओल्या मातीला उगीचच पाणी घालू लागले. आम्ही पुढच्या रांगेकडे गेलो.

रात्री घरी आबा काहीच बोलले नाहीत. बाईसाहेबांनी बक्षिसाच्या आनंदात दिलेली मिठाई त्यांनी आम्हा भावंडांत वाटली. माझ्या वाट्याला इतरांइतकीच आली. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

शनिवारी संध्याकाळी आबा देवळात फुले नेत. बाईसाहेबांनी त्यासाठी आनंदाने परवानगी दिली होती. क्वार्टर गेटजवळचे आमचे सिटी चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. तेथील धर्मभगिनींना आबांच्या फुलांची सवय झाली होती. मे महिन्यात पवित्र मरियामातेपुढे मोगरा, ऑक्टोबरात जपमाळेच्या भक्तीसाठी गुलाब, नाताळात शेवंती. 2 नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिवशी, झेंडूची टोपली घेऊन ते दफनभूमीत जात आणि ज्या कबरींवर कोणी आले नसेल त्यांवर मूठमूठ फुले ठेवीत. दसऱ्याच्या तोरणात मिरवणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, असे मानले जाते. त्याच्या मायदेशीही याच दिवसांत लोक आपल्या मृतांसाठी हीच केशरी फुले मांडतात, हे मी पुढे वाचले. आबांनी ते वाचलेले नव्हते.

आणि राखेच्या बुधवारपासून ते रिकाम्या हातांनी देवळात जात. प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांनी सजवू नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे त्याला अपवाद. बागेत तेव्हा गुलाबांचा बहर असे. मी एकदा विचारले, "आबा, एवढी फुलं आहेत, मग वेदी उघडी का ठेवायची?" ते म्हणाले, "झाडाला रात लागती, तशी वेदीला बी लागती."

मी शिकलो, पदवीधर झालो, सरकारी कचेरीत नोकरीस लागलो. महाविद्यालयात असताना एका ग्रंथालयात फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे पुरंदरच्या वनस्पतींवरील पुस्तक माझ्या हाती आले. ते 1958 साली प्रसिद्ध झाले होते. स्पेनमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. या संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय 1955 पासून पुण्यातच आहे. 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 1970 साली ते निवर्तले. खंडाळ्याच्या आणि पुरंदरच्या डोंगरांवर पावसापाण्यातून हिंडून त्यांनी तेथील झाडाझुडपांची नावनिशी लावली. ते पुस्तक चाळताना माझ्या मनात आले की या विद्वान धर्मगुरूंना कितीदा गुडघे टेकून, चिखलात हात घालून एखाद्या रोपट्यापुढे बसावे लागले असेल. ते बसणे आबांच्या बसण्यासारखेच असणार. ज्या कामाची मला लाज वाटली, ते करण्यासाठी इतका मोठा माणूस समुद्र ओलांडून आला होता.

पण खरा घाव पुढे बसला. एका रविवारी देवळात योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलीचा दाखला वाचला गेला. वेल, फाटे, छाटणी. आपल्या मराठी बायबलात तेथे प्रभू येशू आपल्या पित्याला माळी म्हणतो. माझा पिता माळी आहे, असे तो शिष्यांना सांगतो. मी बाकावर बसल्या जागी थिजलो. मीही तेच वाक्य उच्चारले होते, फक्त त्यातून 'माझा पिता' हे शब्द गाळले होते.

त्या दिवसापासून आबांची क्षमा मागायची असे मी ठरवीत होतो. पापनिवेदनात धर्मगुरूंपुढे मी ते कधीच सांगून टाकले होते. आबांपुढे मात्र जीभ उचलत नव्हती. वर्षे गेली. बाईसाहेब वारल्या, बंगला विकला गेला, त्या जागी सात मजली इमारत उभी राहिली. आबा माझ्या दोन खोल्यांच्या घरी राहावयास आले आणि गॅलरीत अकरा कुंड्या मांडून बसले.

1991 च्या जानेवारीत त्यांना अंथरुण धरावे लागले. एका संध्याकाळी मी त्यांना एका जुन्या मासिकात छापलेले रेम्ब्रांटचे चित्र दाखवले. 1638 सालचे ते चित्र: पहाटेची वेळ, कबरीपाशी माग्दालिया, आणि मागे प्रभू, डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात फावडे. आबांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. "टोपी झकास हाय," ते म्हणाले. "उन्हाची सवय असलेला माणूस दिसतोय." मग मी धीर केला. प्रदर्शनाची आठवण काढली. त्या दिवशी मी काय म्हणालो, ते मला पुरते सांगताही आले नाही.

आबांनी हात वर करून मला थांबवले. "तू खोटं कुठं बोललास?" ते म्हणाले. "माळीच व्हतो की मी." थोड्या वेळाने, डोळे मिटून, ते पुन्हा म्हणाले, "फुलं चांगली आली व्हती त्या वर्साला. तू ती नीट बघितलीच न्हाईस."

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आबा गेले. ज्या वेदीला त्यांनी तीस-पस्तीस वर्षे फुले वाहिली, तिच्यावर त्यांच्या मिस्साला एकही फूल नव्हते. धाकट्या बहिणीला ते फार लागले. मला लागले नाही. आबांना रात्रीचा अर्थ ठाऊक होता.

त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, पुनरुत्थान रविवारनंतरच्या मंगळवारी, मी एकटाच मिस्साला गेलो आणि माग्दालियेची कथा जणू प्रथमच ऐकली. ती उजाडण्यापूर्वी, अंधार असतानाच बागेत आली होती. त्या वेळी बागेत कोण असणार? माळीच असणार; आबाही त्याच वेळी उठत. तिला वाटले त्यात तिची चूक ती काय? महान संत ग्रेगरी यांनी आपल्या एका प्रवचनात म्हटले आहे की ती चुकली असे दिसत असले तरी ती फारशी चुकली नव्हती, कारण तिच्या अंतःकरणात सद्गुणांची रोपे लावणारा माळी तोच होता. प्रभूनेही आपण माळी नसल्याचे सांगितले नाही. त्याने फक्त तिच्या नावाने तिला हाक मारली. मला मात्र त्या पटांगणावर हाक येण्याआधीच मी तोंड फिरवले होते.

आज पुण्याचा फुलांचा पसारा फार वाढला आहे. तळेगावच्या परिसरात हरितगृहांतून गुलाब आणि जरबेरा पिकतो, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेपासून झेंडूचे ढीग लागतात, राष्ट्रीय पातळीवरील पुष्पसंशोधन संचालनालयही आता पुण्यातच आहे. गणेशखिंडच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'फुले गणेश' जातीचे ॲस्टर शेतकऱ्यांच्या वाफ्यांत दिसतात. हे सारे पाहून आबा हरखले असते. पण दफनभूमीत कबरींवर प्लास्टिकची फुले पाहिली की ते काय म्हणाले असते, याचा विचार मनात येतो. ती कोमेजत नाहीत हे खरे. पण त्यांच्यासाठी कोणी पहाटे उठलेलेही नसते.

आबांच्या अकरा कुंड्यांपैकी चार माझ्या गॅलरीत आहेत. त्यांच्याच काश्यांपासून दरवर्षी नवी रोपे करीत ती पिवळी शेवंती मी टिकवली आहे. समोरच्या सोसायटीचा दिवा रात्रभर जळतो, म्हणून ऑक्टोबरात रोज संध्याकाळी मी कुंड्यांपुढे पोते टांगतो. माझी फुले आबांच्या फुलांएवढी मोठी होत नाहीत; जादा कळ्या खुडताना माझा हात अजून कचरतो. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी जी उमलतील ती मी देवळात नेऊन देतो. गेल्या वर्षी वेदी सजवणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, एवढी सुंदर शेवंती तुम्हाला कोणी शिकवली?"

मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी. ते माळी होते."